कर्ज, शिष्यवृत्ती आणि नर्सिंगची पदवी : एक हिशेब

१

बारावीचे निकाल लागले की बदलापूर पूर्वेच्या शिरगावात आणि आसपासच्या वस्त्यांत एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. मुलीला नर्सिंगला घालावे, फिजिओथेरपीला पाठवावे, की लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा द्यावा? मार्क बरे आहेत, पोरीची जिद्द आहे, पैसा मात्र नाही. मग स्टेशनच्या वाटेवर पाहिलेला कुठल्यातरी संस्थेचा फलक आठवतो. ‘शैक्षणिक कर्जाची सोय’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. बाप एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामगार, आई रोज पहाटेची लोकल धरून हाऊसकीपिंगच्या कामाला जाणारी. दोघांनी मिळून पन्नास हजारांची रक्कम कधी एकत्र पाहिलेली नसते, आणि त्यांच्यापुढे पाच लाखांच्या कर्जाचा अर्ज येतो. अंगठा किंवा सही करण्यापूर्वी ते वस्तीतल्या शिकलेल्या माणसाला विचारतात, ‘सर, हे फिटेल का?’

या प्रश्नाला आपण शिकलेली माणसे सहसा दोन प्रकारची उत्तरे देतो. पहिले उत्तर उत्साहाचे असते : शिक्षणासाठी कर्ज काढायला कचरायचे नाही, नोकरी लागली की फिटेल. दुसरे उत्तर भीतीचे असते : कर्जापायी बापजाद्यांच्या पिढ्या गेल्या, पुन्हा त्या वाटेला नको. दोन्ही उत्तरांमागे भावना खरी आहे, पण हिशेब नाही. ज्या घरात एका चुकीच्या सहीने दहा-पंधरा वर्षांची मिळकत बांधली जाते, त्या घराला हिशेबाची गरज सर्वांत जास्त असते. प्रस्तुत लेखात तो हिशेब मांडून दाखवायचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच सांगतो. आपल्या मुलामुलींनी फीसाठी कर्ज काढू नये. कारण फी हा आपला हक्क आहे. कर्ज काढायचेच झाले तर ते जेवण, राहणे आणि पुस्तके यांपुरते काढावे, आणि त्याचा आकडा पहिल्या पगारावरून उलटा मोजावा.

२

कर्ज काढून शिकणे ही गोष्ट आपल्या चळवळीला नवी नाही. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. त्या शिष्यवृत्तीला परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार जोडलेला होता. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्यास गेले. तेथे राहायला जागा मिळेना, कचेरीत विटाळ पाळला जाई; शेवटी त्यांना नोकरी सोडून परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपये पगारावर प्राध्यापकी करताना त्यांनी काटकसरीने पैसा साठवला. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांची भर घालून १९२० साली ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. करारात सगळे नीट लिहिलेले असले, तरी कमाईच्या जागी जात आडवी येते आणि फेडीचे गणित कोसळते. हे बडोद्यात घडले. दुसरी गोष्ट अशी की, त्यांनी कर्ज घेतले ते बचत आणि मदत यांच्या वर उरलेल्या तुटीपुरते.

तिसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपल्यानंतरच्या मुलांना मित्राच्या कर्जावर अवलंबून राहावे लागू नये, याची तजवीज त्यांनी सत्तेत असताना केली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायदा या शाखांपेक्षा विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण आपल्या समाजाला अधिक उपयोगी पडेल, पण ते महाग असल्यामुळे सरकारच्या मदतीवाचून शक्य नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिला ‘भारत सरकारची शिष्यवृत्ती’ म्हणतो, ती हीच. ती उपकाराची योजना नव्हती. महाग शिक्षणाचे दार बंद राहू नये म्हणून मागून घेतलेला हक्क होता. मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा तिच्या फीचा विचार येथून सुरू व्हायला हवा. आपण तो बँकेपासून सुरू करतो.

३

आता ही शिष्यवृत्ती नेमकी कशाला जोडलेली आहे ते पाहू. ती केवळ जातीच्या दाखल्याला जोडलेली नाही; ती प्रवेशाच्या दाराला जोडलेली आहे. एकाच कॉलेजात, एकाच वर्गात, शेजारी बसणाऱ्या दोन मुली असतात. एक सामाईक प्रवेश परीक्षा देऊन शासनाच्या कॅप फेरीतून आलेली असते. दुसरी व्यवस्थापन कोट्यातून, थेट कॉलेजच्या कचेरीत पैसे भरून आलेली असते. पदवी दोघींना एकच मिळणार. पण पहिलीची फी शासन देईल आणि दुसरीची तिच्या आईबापाच्या डोक्यावर बसेल. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत नाही. दुसऱ्या मुलीजवळ जातीचा दाखला असतो, वैधता प्रमाणपत्र असते, घरात गरिबी असते, आणि तरीही फीच्या बाबतीत त्यांचा उपयोग शून्य होतो.

ही गोष्ट वस्तीत फार थोड्यांना ठाऊक असते. फलक लावणारी संस्था ती सांगत नाही. ‘परीक्षेची कटकट नको, जागा आजच पक्की करा, कर्ज आम्ही मिळवून देतो’ असे ती सांगते. कटकट वाचते आणि पाच लाखांचे कर्ज अंगावर येते. म्हणून पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न ‘फी किती?’ हा नाही. ‘हा प्रवेश कॅपमधून आहे का?’ हा पहिला प्रश्न आहे. एम.बी.बी.एस., आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी यांच्यासाठी नीट परीक्षा आणि बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सी.ई.टी. कक्षाची परीक्षा, ही हक्काच्या दाराची किल्ली आहे. अर्जाची तारीख चुकली तर पुढे कितीही मार्क पडले तरी ती किल्ली हातात येत नाही.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. नर्सिंगच्या कोर्सला परिषदेची मान्यता नसेल तर शेवटी नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून परिचारिका म्हणून कायदेशीर नोकरी नाही. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर यांच्या डिप्लोम्यांत तर फसवणुकीला फार वाव आहे. मान्यता नसलेल्या डिप्लोम्यासाठी काढलेले कर्ज हे पूर्ण बुडीत कर्ज समजावे.

तिसरा प्रश्न जात वैधता प्रमाणपत्राचा. ते वेळेवर हाती नसेल तर राखीव जागा हातची जाते. त्याचा अर्ज बारावीच्या निकालानंतर करायचा नसतो. अकरावीतच करायचा असतो.

४

आता प्रत्यक्ष हिशेब करू. यातले फीचे व व्याजाचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या कॉलेजचे आणि बँकेचे आकडे घालून तो पुन्हा करावा.

समजा, एका मुलीने बी.एस्सी. नर्सिंगला व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. फी वर्षाला रु. १,२५,०००. चार वर्षांचे पाच लाख. सगळे कर्ज. व्याज दहा टक्के. शैक्षणिक कर्जात शिक्षणाची वर्षे आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता द्यावा लागत नाही. यालाच लोक ‘बिनव्याजी काळ’ समजतात, आणि तेथेच फसतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पहिल्या वर्षी उचललेल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचे व्याज चढते, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे, तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या दोन. सरळव्याजाने ते रु. १,७५,००० होते. म्हणजे पाच लाख घेतले आणि फेड सुरू होण्याच्या दिवशी देणे पावणेसात लाख.

हे दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा हप्ता सुमारे रु. ८,९२०, एकूण फेड सुमारे पावणेअकरा लाख. पंधरा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे रु. ७,२५०; एकूण फेड तेरा लाखांच्या वर. हप्ता लहान दिसतो म्हणून लांब मुदत घेणारे घर सव्वादोन लाखांहून अधिक जास्तीचे भरते.

वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी हे मधल्या काळातले व्याज केंद्र शासनाने भरावे, अशी योजना २००९-१० पासून आहे. ती मिळाली तर देणे पाच लाखांवर राहते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे रु. ६,६०० होतो. पण ती आपोआप मिळत नाही. कर्ज त्या योजनेत बसते का, उत्पन्नाचा दाखला कोणता लागतो, हे कर्ज घेतानाच बँकेकडून लेखी विचारून घ्यावे लागते.

आता दुसरी मुलगी. तीच पदवी, तेवढीच फी, पण कॅपमधून. तिच्या घराचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी शिष्यवृत्तीतून जाते आणि वर निर्वाहभत्ता मिळतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर राज्याच्या फ्रीशिप योजनेतून शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क मिळते. निर्वाहभत्ता मिळत नाही. दोन्ही प्रकारांत फीचे पाच लाख तिच्या अंगावर येत नाहीत. पावणेअकरा लाखांचा हा फरक दोघींच्या हुशारीतून आलेला नाही. माहिती आणि तारीख एकीला कळली, दुसरीला कळली नाही, एवढेच.

५

कर्जाच्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पगार असतो. जाहिरातीत जो पगार सांगतात तो बहुधा परदेशातला असतो, नाहीतर शासकीय सेवेतला. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिपरिचारिकेला सातव्या वेतन आयोगानुसार एस-१३ ही श्रेणी आहे. तिचे मूळ वेतन रु. ३५,४०० पासून सुरू होते आणि त्यावर भत्ते मिळतात. या पगारावर ८,९२० चा हप्ता मूळ वेतनाच्या चौथ्या हिश्श्याएवढा आहे. जड आहे, पण झेपेल. मात्र शासकीय भरती केव्हा निघेल आणि निघाली तर कायम पदाची असेल की कंत्राटी, हे मुलीच्या हातात नसते. बँकेचा हप्ता भरतीची वाट पाहत नाही.

म्हणून पहिली नोकरी बहुतेकींची खासगी रुग्णालयात लागते. २९ जानेवारी २०१६ रोजी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. त्या समितीने शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेएवढा पगार असावा. शंभर ते दोनशे खाटांच्या ठिकाणी तो त्याहून फार तर दहा टक्के आणि पन्नास ते शंभर खाटांच्या ठिकाणी फार तर पंचवीस टक्के कमी असावा. पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही महिना रु. २०,००० च्या खाली कोणालाच देऊ नये. या शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. शिफारस आणि हातात पडणारी रक्कम यांतले अंतर नर्सिंग होममध्ये काम केलेल्या कोणत्याही मुलीला विचारावे.

आपला हिशेब करताना मात्र कमी पगारच धरावा. समजा, हातात पंधरा हजार पडतात. त्यातून ८,९२० चा हप्ता गेला की उरतात सहा हजार ऐंशी. त्यात लोकलचा पास, जेवण आणि घरभाड्यातला वाटा. शिवाय आपल्या घरातल्या पहिल्या कमावत्या मुलीचा पगार एकटीचा नसतो. धाकट्या भावाची फी, आजीचे औषध, गळके छप्पर हे सगळे त्या पगाराकडे पाहत असतात. सुस्थित घरातली मुलगी पहिले दोन वर्षे कमी पगारात अनुभव घेऊ शकते, कारण तिच्या मागे घर उभे असते. आपल्याकडे घर तिच्या मागे नसते, तिच्या खांद्यावर असते. सरासरी पगाराचे तक्ते हा फरक धरीत नाहीत.

म्हणून एक साधा नियम सुचवतो : हप्ता हा पहिल्या नोकरीच्या हाती येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा नसावा. वीस हजार पगार धरला तर हप्ता चार हजार. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत चार हजारांच्या हप्त्याने सुमारे तीन लाखांचे देणे फिटते. मधल्या काळातले व्याज वजा करून मागे गेलो तर चार वर्षांत मिळून उचलायची रक्कम सव्वादोन लाखांच्या आसपास येते. म्हणजे वर्षाला पंचावन्न हजार. पगार पंधरा हजारच धरला तर वर्षाला चाळीस-बेचाळीस हजार. ही रक्कम खासगी कॉलेजची फी भरायला पुरत नाही. पण ज्या मुलीची फी हक्काच्या दारातून माफ झाली आहे, तिच्या जेवणाखाण्याची आणि पुस्तकांची तूट या रकमेत भागू शकते. या लेखाचा निष्कर्ष याच आकड्यातून निघाला आहे.

६

ही तूट येते कोठून, तेही पाहिले पाहिजे. शिष्यवृत्तीची अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा २०१३ साली ठरली आणि पुढे दशकभर हलली नाही. नवरा-बायको दोघे दरमहा बारा-बारा हजार मिळवत असतील, तर वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार होतात. म्हणजे दोन कंत्राटी कामगारांचे घर शासनाच्या लेखी निर्वाहभत्त्याची गरज नसलेले घर ठरते. जे मर्यादेत बसतात त्यांचा भत्ता तरी किती? २०२१ च्या नियमांप्रमाणे सर्वांत वरच्या गटातल्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहिल्यास वर्षाला रु. १३,५०० आणि घरून ये-जा केल्यास रु. ७,०००. महिन्याला ५८३ रुपये.

या तुटीवर ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ हा उपयोगी उपाय आहे. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकताना भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला रु. ६०,००० ठरवले गेले. तिच्या उत्पन्नाच्या, गुणांच्या आणि रहिवासाच्या अटी आहेत, त्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन आधी पाहाव्यात. वर काढलेला पंचावन्न हजारांचा आकडा आणि हे साठ हजार शेजारी ठेवून पाहावेत. ज्या मुलीला स्वाधार वेळेवर मिळाला, तिला कर्जाची गरजच उरत नाही.

पण ‘वेळेवर’ हाच शब्द अवघड आहे. शिष्यवृत्ती उशिरा येते, कॉलेज थांबत नाही. त्यात २०२१ नंतर केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येऊ लागला. तो कॉलेजला भरायचा असतो. ज्या घरात कधी रक्कम थांबलेलीच नाही, तेथे खात्यात पैसा आला की दवाखाना, लग्न, उसनवारी यांत तो जातो. मग शेवटच्या वर्षी कॉलेज थकबाकी दाखवून गुणपत्रिका अडवते. गुणपत्रिकेवाचून नोंदणी नाही, नोंदणीवाचून पगार नाही. आणि कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज मात्र रोज चढते. शिष्यवृत्तीचा पैसा आला त्याच आठवड्यात कॉलेजला भरावा आणि पावती जपावी, ही साधी सवय पुढचे मोठे संकट टाळते.

७

मोठ्या पदव्यांची गोष्ट वेगळी. शिरगावहून एक स्टेशन मागे, अंबरनाथला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत ते होते, शंभर जागा. कॉलेज दाराशी आले म्हणून जागा दाराशी येत नाही. शंभरांतल्या पंधरा जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या पंच्याऐंशींच्या तेरा टक्के म्हणजे अकरा जागा अनुसूचित जातींच्या वाट्याला, आणि त्यांच्यावर साऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांचा हक्क. येथे जागा मिळाली तर कर्जाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. नाही मिळाली की मोह सुरू होतो : खासगी कॉलेज, मोठे कर्ज.

साठ लाखांचे कर्ज धरा. मधले व्याज बाजूला ठेवले तरी दहा टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता महिना साडेचौसष्ट हजारांवर जातो. शिवाय बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत तारण व जामीन लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत शासनाच्या हमीनिधीचा आधार आहे. त्यापुढे मात्र तारण लागते. तारण आणायचे कोठून? आपल्याकडे जमीन होती ती वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, जमिनी परत मिळाल्या त्या शर्तींवर. हस्तांतरणाच्या बंधनामुळे बँक त्यांना सहसा हात लावत नाही. म्हणून मग राहती खोली गहाण पडते. मुलाला डॉक्टर करण्यासाठी डोक्यावरचे छप्पर गहाण टाकावे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. एक वर्ष पुन्हा नीटला बसणे, किंवा हक्काच्या दाराने नर्सिंग, फिजिओथेरपीला जाणे हे त्याहून शहाणपणाचे.

८

आणखी एक जोखीम कोणत्याही बँकेच्या अर्जात लिहिलेली नसते. शिक्षण मध्येच सुटले तर पदवी मिळत नाही, पण कर्ज राहते. आपली मुले मध्येच का सुटतात? अभ्यास झेपत नाही म्हणून, असे सांगितले जाते. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाबद्दल सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला, तो वाचला म्हणजे दुसरे कारण दिसते. डॉ. पायल तडवी यांचा मे २०१९ मध्ये मुंबईत झालेला मृत्यू आपण विसरलेलो नाही. बडोद्याच्या कचेरीतला विटाळ शंभर वर्षांनी वेगळ्या कपड्यांत वॉर्डात भेटतो. म्हणून कॉलेज निवडताना तेथे आपली वरच्या वर्गातली मुले कोण आहेत, वसतिगृह कसे आहे, तक्रार ऐकणारे कोणी आहे का, हेही हिशेबात धरावे. सोबत नसेल तर स्वस्त शिक्षणही महाग पडते.

९

शेवटी कार्यकर्त्यांविषयी. जयंतीची वर्गणी गोळा करणारी आपली मंडळे आहेत, विहारे आहेत, अभ्यासिका आहेत. यांपैकी प्रत्येकाने डिसेंबर ते जुलै एवढ्या काळात एकच काम करावे : अकरावी-बारावीच्या मुलांची यादी, प्रत्येकाच्या वैधता प्रमाणपत्राची स्थिती, परीक्षांच्या अर्जाच्या तारखा, शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे अर्ज. त्याला भाषण लागत नाही. एक वही आणि दोन चिकाटीची पोरे लागतात. एका मुलीची तारीख चुकू दिली नाही म्हणजे एका घराचे दहा लाख वाचले. आणि शासनाकडे मागण्याही स्पष्ट ठेवाव्यात : उत्पन्नमर्यादा वाढवा, भत्ता महागाईशी जोडा, शिष्यवृत्ती वर्षाच्या आरंभी द्या, खासगी रुग्णालयांत परिचारिकेच्या किमान वेतनाची शिफारस कायद्याने बंधनकारक करा.

आणि वस्तीतला बाप पुन्हा ‘सर, हे फिटेल का?’ असे विचारील, तेव्हा लगेच हो किंवा नाही म्हणू नये. कागद घ्यावा, प्रवेश कोणत्या दाराने आहे ते विचारावे, आणि त्याच्या शेजारी बसून बेरीज करावी.